सुपरवायझरच्या प्रशिक्षणाचा लाईनवर परिणाम झाला का, हे कसं तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा: चाकण परिसरातल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात १६ लाईन आहेत, तीन शिफ्ट चालतात, प्रत्येक लाईनला तीन असे ४८ सुपरवायझर आहेत. त्यांच्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरतंय. मागच्या वर्षी अशाच प्रशिक्षणाला फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी ४.६ गुण मिळाले होते. पण ऑडिटरने परिणामकारकतेचा पुरावा मागितला तेव्हा दाखवायला काही नव्हतं, आणि व्यवस्थापन विचारतंय की खर्चातून मिळालं काय. मूल्यमापन कुठून सुरू करायचं?

यंदाचं प्रशिक्षण अजून झालेलं नाही, ही तुमच्या दृष्टीने सर्वांत चांगली गोष्ट आहे. प्रशिक्षण उरकल्यावर मूल्यमापनाला बसलं की हाती हजेरीपत्रक, फोटो आणि फीडबॅक फॉर्म एवढंच उरतं. आधी काय होतं, याची नोंद मागाहून करता येत नाही. त्यामुळे ट्रेनरला तारीख देण्याआधी किमान सहा आठवडे राखून ठेवा. खरं काम त्याच आठवड्यांत होतं.

पहिलं काम म्हणजे एक वाक्य लिहिणं: प्रशिक्षणानंतर सुपरवायझर कुठे, केव्हा आणि काय वेगळं करताना दिसेल? ‘नेतृत्वगुण वाढतील’, ‘ओनरशिप येईल’, ‘संवाद सुधारेल’ असली वाक्यं प्रस्तावात छान वाटतात, पण त्यांच्यावरून काहीच मोजता येत नाही. साधी कसोटी अशी की लाईनच्या कडेला उभ्या राहिलेल्या तिऱ्हाईताला ते होताना दिसलं पाहिजे. दोन दिवसांत दोन सवयी बदलल्या तरी खूप झालं. अकरा विषयांचा अजेंडा घेऊन आलेल्या ट्रेनरला तुम्हीच थांबवा आणि दोन विषय निवडा.

तुमच्यासारख्या कारखान्यात शिफ्टचं हँडओव्हर (जाणाऱ्या शिफ्टने येणाऱ्या शिफ्टला काम सोपवणं) आणि नव्या कामगाराला काम शिकवणं हे दोन विषय घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. शिफ्ट बदलल्यावरचा पहिला तास आणि नव्या माणसाचे पहिले दोन आठवडे, या दोन ठिकाणी सुपरवायझरच्या वागण्याचा रिजेक्शनशी, म्हणजे खराब म्हणून बाद होणाऱ्या पिसांच्या प्रमाणाशी, थेट संबंध असतो. कंत्राटी कामगार आणि अ‍ॅप्रेंटिस सतत बदलत असतील तर जास्तच.

आता हँडओव्हर जवळून बघा. दुपारी साडेतीनची वेळ. फर्स्ट शिफ्टचा सुपरवायझर हातपाय धुऊन बसच्या दिशेने निघालेला, सेकंडचा अजून गेटवर. रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं, ‘सर्व ओके’ लिहून सही केलेली. दोन पानं मागे जाऊन बघा: सोमवारपासून शनिवारपर्यंतचं ‘सर्व ओके’ एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने, एकाच बैठकीत लिहिलेलं सापडेल. शेजारच्या, बाद मालाच्या लाल ट्रेमध्ये बर (कडेला उरलेला धातूचा खरखरीत कंगोरा) राहिलेले नऊ पीस पडलेत आणि ते कशामुळे आले हे नव्या शिफ्टला ठाऊक नाही. पुढच्या तासात तशाच पिसांची त्यात भर पडते.

चांगलं हँडओव्हर कसं असावं, हे हो-नाहीत उत्तर देता येईल अशा सात मुद्द्यांत मांडा. दोघे सुपरवायझर लाईनवर एकत्र उभे होते का? शेवटच्या तासाचं रिजेक्शन आकड्यात सांगितलं का? खराब पीस हातात घेऊन दाखवला का? मशीनच्या अर्धवट राहिलेल्या दुरुस्त्या सांगितल्या का? टूल बदलायला किती पीस उरलेत हे सांगितलं का? गैरहजर आणि नवा माणूस कुठल्या स्टेशनवर आहे, स्किल मॅट्रिक्सप्रमाणे (कोणाला कुठलं काम येतं याचा तक्ता) तो तिथे चालतो का, हे बोलणं झालं का? शेवटी दोघांनी तिथेच सही केली का? ‘चांगला प्रयत्न’, ‘समाधानकारक’ असले रकाने ठेवू नका. निरीक्षकाला मत द्यायची संधी मिळाली की तो ओळखीच्या माणसाला झुकतं माप देतो.

निरीक्षक दोन असू द्या, एक क्वालिटीचा आणि एक तुमच्या, प्रशिक्षणाचं काम बघणाऱ्या विभागाचा. लाईनचा एचओडी (विभागप्रमुख) नको, कारण तो समोर आला की हँडओव्हर आपोआप सुधारतं. पहिली दहा निरीक्षणं दोघांनी एकत्र, पण एकमेकांचं न बघता करायची. दहा निरीक्षणं आणि सात मुद्दे म्हणजे ७० खुणा. त्यातल्या ६० तरी जुळायला हव्यात. नाही जुळल्या तर दोष बहुतेक वेळा मुद्द्याच्या शब्दांत असतो, म्हणून ते शब्द बदला. त्यानंतर प्रत्येक सुपरवायझरची तीन हँडओव्हर, वेगवेगळ्या आठवड्यांत, आधी न सांगता. १४४ निरीक्षणं, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे ३६ तास. १८ कामाच्या दिवसांत हे बसवलं तर दोघांना रोज एकेक तास पडतो. हा वेळ व्यवस्थापनाकडून आधीच मंजूर करून घ्या, कारण डिस्पॅचचा ताण आला की निरीक्षणावरच पहिली गदा येते.

नव्या कामगाराला शिकवण्यासाठी नवं काही शोधायची गरज नाही. १९४० मध्ये अमेरिकेत युद्धकाळासाठी सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ कार्यक्रमातली चार पायऱ्यांची पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे: कामगाराची मानसिक तयारी करणं, काम करून दाखवत महत्त्वाचे मुद्दे आणि त्यांची कारणं सांगणं, त्याच्याकडून करवून घेणं, आणि नंतर पुन्हा जाऊन बघणं. मोजायचं तिसऱ्या पायरीवर. काम करता करता कामगाराने महत्त्वाचे मुद्दे स्वतःच्या तोंडाने सांगितले का? बहुतेक सुपरवायझर दुसऱ्या पायरीवर थांबतात, ‘समजलं ना?’ विचारतात, समोरचा मान हलवतो आणि ते पुढच्या कामाकडे वळतात.

आता प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या प्रचलित चौकटीविषयी. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० मध्ये लिहिलेल्या चार लेखांतून प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन आणि परिणाम हे चार टप्पे रूढ झाले. पुढे जॅक फिलिप्स यांनी गुंतवणुकीवरचा परतावा हा पाचवा टप्पा जोडला. चौकट उपयोगी आहे, पण तिचा एक चुकीचा अर्थ सर्रास घेतला जातो. माणूस खूश झाला म्हणजे शिकला, शिकला म्हणजे तसं वागेल, वागला म्हणजे आकडे सुधारतील, अशी साखळी गृहीत धरली जाते. उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणारं एक विश्लेषण १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात प्रशिक्षण आवडण्याचा आणि प्रत्यक्ष शिकण्याचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. प्रशिक्षण ‘माझ्या कामाला उपयोगी आहे का’ या प्रश्नाच्या उत्तराचा संबंध त्याहून जास्त होता, तरी फार मोठा नाही. तुमचे ४.६ गुण ट्रेनर बोलका होता आणि जेवण वेळेवर आलं हे सांगतात. ते खोटे नाहीत, पण ते या प्रश्नाचं उत्तर नाहीत.

फीडबॅक फॉर्म बंद करू नका, त्यातले प्रश्न बदला. ‘येत्या सात दिवसांत कोणत्या लाईनवर काय वेगळं कराल?’ आणि ‘ते करताना काय आडवं येईल?’ हे दोन प्रश्न पुरेत. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं सोन्यासारखी असतात. आठजणांपैकी सहाजणांनी ‘साडेतीनची बस सुटते’ असं लिहिलं तर ती अडचण प्रशिक्षणाने सुटणारी नाही. बस दहा मिनिटं उशिरा सोडावी लागेल, किंवा शिफ्ट दहा मिनिटं एकमेकांवर चढवावी लागेल आणि त्या वेळेचे पैसे द्यावे लागतील. हा निर्णय प्रशिक्षणाच्या आधी झाला नाही तर पुढचं मोजमाप वाया जातं, कारण न जमणाऱ्या गोष्टीसाठी सुपरवायझरला दोषी धरलं जातं.

शिकण्याच्या चाचणीबद्दल मोजक्याच गोष्टी. तोच पेपर आधी आणि नंतर दिला तर काही गुण नुसत्या ओळखीने वाढतात, म्हणून समान काठिण्याचे दोन पेपर करा आणि निम्म्यांना आधी एक, निम्म्यांना दुसरा द्या. प्रश्नवार निकाल बघा: आधीच ८० टक्के लोकांना येत असलेला भाग अजेंड्यातून काढता येतो, आणि नंतरही निम्म्यांना न आलेला भाग नीट शिकवलाच गेला नाही असं समजा. आणि पेपर मराठीत व हिंदीत असू द्या. ऑपरेटरचा सुपरवायझर झालेल्या माणसाला इंग्रजी पेपर दिला तर तुम्ही त्याचं इंग्रजी मोजता. शक्य तिथे लेखी प्रश्नाऐवजी खरे खराब पीस टेबलावर ठेवा आणि दोष, संभाव्य कारण आणि पहिली कृती तोंडी विचारा.

खरा कस तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे वर्तनावर लागतो, आणि तिथे वरिष्ठाचं वजन किती असतं हे १९५३ मध्येच दिसलं होतं. मानसशास्त्रज्ञ एडविन फ्लेशमन यांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या फोरमनचा, म्हणजे तिथल्या सुपरवायझरचा अभ्यास केला. त्यांना माणसांशी सहानुभूतीने वागण्याचं प्रशिक्षण दिलं होतं. प्रशिक्षण संपताना त्यांची मतं अपेक्षेप्रमाणे बदललेली दिसली. पण कारखान्यात परतल्यावर फोरमन कसा वागतो, याचा मेळ वर्गातल्या शिकवणुकीपेक्षा त्याचा स्वतःचा साहेब कसा वागतो याच्याशी जास्त बसला. सत्तर वर्षांनंतरही मला याहून महत्त्वाचा निष्कर्ष या क्षेत्रात दिसत नाही.

म्हणून तुमच्या निरीक्षणात आणखी एक पान वाढवा, ते एचओडींचं. सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये एचओडी काय विचारतात ते पंधरा दिवस टिपा. रोज फक्त ‘किती निघाले?’ एवढंच विचारलं जात असेल, तर सुपरवायझर दहा मिनिटं हँडओव्हरला देणार नाही. त्याला कळतं की साहेबांना काय हवंय. एचओडींकडून तीन ठोस गोष्टी मागा: प्रशिक्षणाआधी प्रत्येक सुपरवायझरशी पंधरा मिनिटं बोलून कशासाठी पाठवतोय हे सांगणं, परत आल्यावर तीन दिवसांत पुन्हा दहा मिनिटं, आणि पुढचे सहा आठवडे रोजच्या मीटिंगमध्ये एका लाईनच्या हँडओव्हरबद्दल एक प्रश्न. हे घडलं की नाही, याची नोंद ठेवा. नंतर निकाल कमजोर आला तर प्रशिक्षण फसलं की पाठपुरावा झालाच नाही, हे या नोंदीवरूनच कळतं. ती नसेल तर खापर ट्रेनरवर फुटतं आणि पुढच्या वर्षी नवा ट्रेनर आणून तेच घडतं.

आता सर्वांत जास्त फसवणारी बाब: तुलना. बहुतेक अहवालांत ‘आधी रिजेक्शन एवढं, नंतर एवढं’ असं असतं आणि सगळा फरक प्रशिक्षणाच्या नावावर टाकला जातो. दरम्यान नवं फिक्श्चर (पीस पकडून ठेवणारं साधन) आलेलं असतं, कच्च्या मालाचा पुरवठादार बदललेला असतो, पावसाळा संपलेला असतो. त्याहून लबाड कारण म्हणजे आपण प्रशिक्षणाला पाठवतो त्या लाईन बऱ्याचदा नुकत्याच वाईट कामगिरी केलेल्या असतात. फार वाईट महिन्यानंतरचा महिना कोणी काही न करताही थोडा बरा जातो. अर्थतज्ज्ञ ऑर्ली अ‍ॅशनफेल्टर यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी प्रशिक्षण योजनांबाबत हेच दाखवलं: योजनेत येण्याआधीच्या वर्षी लोकांची कमाई घसरलेली असते, आणि त्या घसरणीपासून मोजलं की योजनेचा फायदा फुगलेला दिसतो.

यावर तुमच्याकडे सोपा उपाय आहे, कारण ४८ जणांना एकाच वेळी लाईनवरून उचलता येणारच नाही. १६ लाईनच्या आठ जोड्या लावा. जोडीतल्या दोन लाईनचं उत्पादन, मशीनचं वय आणि मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन शक्य तितकं सारखं असावं. मग प्रत्येक जोडीसाठी सर्वांसमोर चिठ्ठी टाका: एक लाईन आता, दुसरी तीन महिन्यांनी. चिठ्ठी हवीच. निवड एचओडींवर सोडली तर ते उत्साही सुपरवायझर आधी पाठवतात किंवा नकोसे आधी पाठवतात, आणि दोन्हीत तुलना बिघडते. एका लाईनचे तिघेही एकाच फेरीत हवेत, कारण हँडओव्हरला देणारा आणि घेणारा असे दोघे लागतात. पहिल्या फेरीतल्या २४ जणांचे आठ-आठचे तीन वर्ग करा, प्रत्येक लाईनचा एकेक माणूस. सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार, शुक्रवार-शनिवार असे तीन वर्ग एका आठवड्यात संपतात आणि एकही लाईन उघडी पडत नाही. आठजणांचा वर्ग सरावालाही चांगला: प्रत्येकाला किमान दोनदा हँडओव्हर करून दाखवता येतं. तीसजणांच्या वर्गात ऐकणंच जास्त होतं.

या तीन महिन्यांत दुसऱ्या फेरीतल्या सुपरवायझरना पहिल्या फेरीच्या लाईनवर बदली म्हणून पाठवू नका. सात मुद्द्यांचा तक्ताही तोवर सगळीकडे वाटू नका. थोडीबहुत गळती होणारच, कँटीनमध्ये लोक बोलतात. तिचा परिणाम एवढाच की फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल.

निकाल वाचायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. आठपैकी किती जोड्यांत प्रशिक्षित लाईनची सुधारणा जास्त झाली ते मोजा. आठपैकी सात किंवा आठ असतील तर निव्वळ योगायोगाने असं व्हायची शक्यता सुमारे साडेतीन टक्के असते, म्हणजे निकालावर विसंबायला हरकत नाही. सहा किंवा अधिक योगायोगाने यायची शक्यता साडेचौदा टक्के आहे, तिथे ‘आशादायक, पण दुसऱ्या फेरीत पुन्हा बघू’ असं लिहा. पाच-तीन आलं तर काही सिद्ध झालेलं नाही, आणि तसंच सांगा. निरीक्षण चार ते सहा आठवड्यांनी एकदा आणि बाराव्या आठवड्यात एकदा करा. पहिल्या आठवड्यातलं मोजमाप नव्याच्या नवलाईचं असतं.

पैशांचा हिशेब समजावा म्हणून पुढचे आकडे नमुन्यादाखल धरलेत, तुमचे तुम्ही घाला. खर्च: २४ सुपरवायझर, दोन दिवस, रोजचा एकूण पगारखर्च १,८०० रुपये, म्हणजे ८६,४००. ट्रेनरचे सहा दिवस प्रत्येकी २५,०००, म्हणजे १,५०,०००. जेवण आणि साहित्य १६,८००. निरीक्षणाच्या तीन फेऱ्यांचे १०८ तास, ताशी ३०० प्रमाणे ३२,४००. एचओडींचे ६० तास, ताशी ६०० प्रमाणे ३६,०००. एकूण ३,२१,६०० रुपये. बहुतेक ठिकाणी फक्त ट्रेनरचं बिल धरलं जातं, म्हणजे निम्म्याहून जास्त खर्च दिसतच नाही.

फायदा: प्रशिक्षित लाईनवर शिफ्टच्या पहिल्या तासातलं रिजेक्शन २.८ टक्क्यांवरून २.० वर आलं, आणि प्रशिक्षण न झालेल्या लाईनवर २.७ वरून २.४ वर. पहिली घट ०.८, पण ०.३ घट तर प्रशिक्षणाशिवायही झाली. प्रशिक्षणाच्या नावावर ०.५ एवढंच लिहायचं. पहिल्या तासात दर लाईनला १२० पीस, तीन शिफ्ट, आठ लाईन, ७५ दिवस: २,१६,००० पीस. त्याचे ०.५ टक्के म्हणजे १,०८० पीस वाचले. भंगाराचे पैसे वजा करून एका पिसामागचं नुकसान १४० रुपये धरलं तर तिमाहीत १,५१,२०० रुपये. तुलना नसती तर हाच आकडा २,४१,९२० दाखवला गेला असता.

म्हणजे तीन महिन्यांत खर्च निघालेला नाही, आणि अहवालात तसंच लिहायचं. परिणाम वर्षभर टिकला तर फायदा ६,०४,८०० आणि परतावा (खर्च वजा जाता उरलेला फायदा, खर्चाच्या टक्केवारीत) ८८ टक्के. सहा महिन्यांनी परिणाम निम्मा झाला तर फायदा ४,५३,६०० आणि परतावा ४१ टक्के. दोन्ही आकडे द्या आणि ‘टिकला तर’ हे शब्द वाक्यात ठेवा. एवढा सरळ हिशेब समोर आला की फायनान्सची माणसं तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलू लागतात. पिसामागचं नुकसान मात्र त्यांच्याकडूनच लेखी घ्या. तुम्ही स्वतः धरलेल्या दरावर पहिल्याच बैठकीत शंका घेतली जाते.

टिकण्याचा प्रश्न किती गंभीर आहे, हे आपल्या इथल्याच एका अभ्यासातून कळतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या १७ कापड कंपन्यांमध्ये प्रयोग केला. निवडक गिरण्यांमध्ये सल्लागारांनी एक महिना तपासणी केली आणि पुढे चार महिने साठ्याची नोंद, दोषांची रोजची नोंद, मशीनची नियमित देखभाल अशा ३८ पद्धतींपैकी जास्तीत जास्त बसवायला मदत केली. तुलनेच्या गिरण्यांमध्ये फक्त तपासणी झाली. निवड चिठ्ठीसारख्याच यादृच्छिक पद्धतीने होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. सुमारे नऊ वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. कारणांमध्ये प्लँट मॅनेजर बदलणं आणि मालकांना वेळ नसणं ही ठळक होती. तरीही त्या गिरण्या तुलनेतल्या गिरण्यांच्या पुढेच होत्या. यातून तुम्ही घ्यायचा नियम सरळ आहे: एचओडी किंवा प्लँट हेड बदलला की पुढच्या महिन्यात निरीक्षणाची छोटी फेरी, प्रत्येक सुपरवायझरचं एकेक हँडओव्हर. ४८ निरीक्षणं, १२ तास.

ऑडिटरचं समाधान यापेक्षा खूप कमी कष्टात होतं. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या कलम ७.२ मध्ये कामासाठी लागणारी पात्रता ठरवणं, ती मिळवण्यासाठी केलेल्या उपायांची परिणामकारकता तपासणं आणि पुराव्याच्या नोंदी ठेवणं एवढी अपेक्षा आहे. परताव्याची टक्केवारी कोणी मागत नाही. पण नव्वद दिवसांनी एचओडींनी एकाच दिवशी, एकाच पेनाने ४८ फॉर्मवर ‘परिणामकारक’ अशी खूण केलेली असेल तर अनुभवी ऑडिटर तारखा बघूनच ओळखतो. आधीची आणि नंतरची निरीक्षणपत्रकं, अपेक्षित पातळी (समजा सातपैकी सहा) आणि ती न गाठलेल्यांसाठी काय केलं याची नोंद, एवढं फाईलला असू द्या. शेवटची नोंद सर्वांत जास्त वेळा गायब असते.

एक इशारा. निरीक्षणाचे गुण सुपरवायझरच्या वार्षिक मूल्यांकनाला किंवा इन्सेंटिव्हला जोडू नका, निदान पहिलं वर्ष. जोडले की निरीक्षक दिसताच हँडओव्हर सुरू होतं, रजिस्टर आणखी सुबक भरलं जातं आणि लाल ट्रेमधले पीस शेजारच्या ट्रेमध्ये जातात. मग तुमचं मोजमापच निकामी होतं. सुपरवायझरना पहिल्याच दिवशी सांगा की हे प्रशिक्षणाचं मोजमाप आहे, तुमचं नाही, आणि तो शब्द पाळा.

एचओडी आणि त्यावरच्या मंडळींच्या व्यवस्थापन विकासासाठी ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. माणसं आठ-दहा असतात, प्रत्येकाचं काम वेगळं, तुलनेला कोणी नसतं. तिथे ३६० अंशांचं मूल्यांकन (स्वतः, वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे, सगळ्यांकडून गुण) आधी आणि नंतर घेतात, आणि गुण कमी झाले की घबराट होते. याचं एक ओळखीचं कारण आहे. ‘मी लोकांचं ऐकून घेतो का’ याला आधी माणूस पाचपैकी चार देतो; ऐकून घेणं म्हणजे काय हे कळल्यावर स्वतःला तीन देतो. तो बिघडला नाही, त्याची मोजपट्टी बदलली. म्हणून शेवटी एकाच बैठकीत दोन प्रश्न विचारा: ‘आज मी कुठे आहे?’ आणि ‘आजच्या समजेनुसार सहा महिन्यांपूर्वी कुठे होतो?’ हाताखालच्या लोकांकडून उत्तरं घेताना किमान पाचजण हवेत. तिघांच्या उत्तरांत कोण काय बोललं हे साहेबांना कळतंच, आणि पुढच्या वेळी सगळे पाचपैकी पाच देतात.

त्याशिवाय मागमूस उरेल अशा गोष्टी मोजा: खालच्या पातळीवर सुटायला हवे होते पण एचओडींकडे आले असे किती निर्णय आठवड्यात आले, एचओडी रजेवर असताना किती फोन गेले, त्यांच्या हाताखाली त्यांची जागा घेऊ शकेल असा माणूस तयार आहे का. आणि प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे तज्ज्ञ रॉबर्ट ब्रिंकरहॉफ यांची पद्धत वापरा: सहा महिन्यांनी सर्वांत जास्त उपयोग करणारे दोन-तीन आणि अजिबात न करणारे दोन-तीन शोधा, प्रत्येकाशी तासभर बोला आणि प्रत्येक दाव्याचा कागद मागा. न करणाऱ्यांशी बोलणं टाळलं जातं, पण अडथळे कुठे आहेत हे तेच सांगतात. प्रशिक्षणातल्या प्रकल्पांतून ‘४० लाखांची बचत’ असा आकडा आला, तर तीच बचत कायझेनच्या (छोट्या-छोट्या सुधारणांच्या उपक्रमाच्या) आणि खरेदी विभागाच्या अहवालात आधीच मोजली गेली आहे का, ते तपासा.

वर्षभरातल्या सगळ्या प्रशिक्षणांना हा खटाटोप करू नका. आगीच्या सरावाला बाहेर पडायला लागलेली मिनिटं आणि डोकी मोजणं पुरेसं आहे, नव्या सॉफ्टवेअरसाठी चुकीच्या नोंदींची संख्या. ज्यावर खर्च मोठा आहे आणि जे पुन्हा पुन्हा होणार आहे असं एखाद-दुसरंच वर्षाला निवडा.

दुसऱ्या फेरीआधी तीन महिन्यांचे आकडे एका पानावर मांडून एचओडी आणि ट्रेनर यांच्यासोबत बसा. सातपैकी जो मुद्दा बाराव्या आठवड्यातही निम्म्याहून कमी वेळा घडला, त्यावरच बोला. बहुधा तो ‘खराब पीस हातात घेऊन दाखवला का’ हाच असेल, कारण लाल ट्रे कुलूपबंद असतो आणि किल्ली क्वालिटीकडे असते. तसं असेल तर किल्लीची व्यवस्था आधी बदला, मग दुसरी फेरी सुरू करा.